दुसरी काच

दार उघडलं तेव्हा तिच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे "कोण पाहिजे?" हे तिला भुवयांनीच विचारावं लागलं. दारात हेल्मेट घातलेला एक उंच माणूस उभा होता. मागचा डोंगर कापून रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं, आणि हा सुरुंगांचे हादरे मोजायला आला होता. स्वयंपाकघराच्या भिंतीला गेलेल्या भेगेवर त्याने काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवली.

"भिंत हलली तर काच तडकेल. तडकली की लगेच कळवा."

"आणि नाही तडकली तर?" टाचण्या काढून तिने विचारलं.

"तर मग... मी यायचं कारण नाही."

आता असं सांगितल्यावर दुसरं काय होणार? काच मेली ढिम्म हलेना, आणि शिवणयंत्रावर बसून हिचा जीव मात्र टांगणीला लागलेला. शेवटी एका दुपारी तिने उलथन्याचा दांडा काचेवर हाणला आणि निरोप धाडला. तो आला, काचेकडे बघून नुसता हसला, नवी पट्टी लावली आणि चहाला थांबला. त्यानंतर तो काही ना काही निमित्त काढून येतच राहिला. गल्लीने त्याचं नाव 'हादरेवाला' ठेवलं आणि तिला चिडवून हैराण केलं.

मग एका सकाळी, रात्रभराचा पाऊस थांबल्यावर, ती भांडी विसळत असताना मागे टक्क असा बारीक आवाज झाला. दुसरी काच तडकली होती. त्या दिवशी अजून एकही सुरुंग उडाला नव्हता!

सुरुंगाच्या जागी फोन बंद ठेवतात, त्यामुळे त्याचा फोन लागेना. बाबांना दंडाला धरून तिने घराबाहेर काढलं आणि तशीच चढ चढत पळाली. इशाऱ्याचा पहिला भोंगा वाजून गेला होता; दुसरा वाजला की सुरुंग उडणार होता. रस्त्यावर लावलेल्या अडथळ्यापाशी तो, त्याचे साहेब आणि लाल निशाणवाले कामगार उभे होते.

"थांबवा... काच तडकली."

कामगार एकमेकांकडे बघून हसले. साहेब म्हणाले, "मागची काच कशी फुटली ते सगळ्या साईटला माहीत आहे, बाई. आमच्या यंत्रावर सगळे हादरे मर्यादेत आहेत. घरी जा."

तिने हादरेवाल्याकडे पाहिलं. त्याच्याही नजरेत शंका होती. ती तिला फार लागली. पण खाली अख्खी गल्ली होती, शेजारच्या काकूंचं तान्हं बाळ होतं. लाजून चालणार नव्हतं.

"हो, पहिली मीच फोडली," ती म्हणाली. तिने आवाज खाली आणला नाही. "तुम्ही यावं म्हणून. मला तुम्ही आवडता, म्हणून. पण आता तर तुम्ही न बोलावता येता... मग ही दुसरी मी कशाला फोडू?"

तो दोन पावलं पुढे आला.

"कशी तडकली?" त्याने हळूच विचारलं.

"भेगेवरूनच. सरळ एक रेघ. पहिलीच्या तर ठिकऱ्या उडाल्या होत्या."

त्याचा चेहरा उतरला. कामगाराच्या हातातलं निशाण घेऊन तो रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

"सुरुंग उडणार नाही."

"हिच्या सांगण्यावरून? नोकरी जाईल तुझी."

"आपलं यंत्र सुरुंगाचे हादरे मोजतं, साहेब. डोंगर आपणहून सरकत असेल तर ते त्याला कळत नाही. आधी माथा बघू."

माथ्यावर गवतात हात जाईल एवढी फट पडली होती आणि पावसाचं पाणी तिच्यात मुरत होतं. साहेबांनी सगळ्यांना मागे घेतलं आणि गल्ली रिकामी करायला माणसं पिटाळली. दुपारी दरड कोसळली. तिचं घर, शिवणयंत्र, सगळं दगडांखाली गेलं. माणसं तेवढी शाळेच्या पटांगणात सुखरूप बसली होती.

संध्याकाळी तो चिखलाने माखून तिथे आला आणि थेट तिच्या बाबांसमोर उभा राहिला.

"मला तुमची मुलगी आवडते. विचारायला आलोय."

"घर गेलं आमचं," बाबा म्हणाले, "आणि तुम्हाला आजच मुहूर्त सापडला?"

"सकाळी ती सगळ्यांसमोर बोलली. मी गप्प राहिलो." तो तिच्याकडे वळला. "तू बोलली नसतीस ना... तर मी दुसरा भोंगा वाजवायला सांगणार होतो. हात वर केलाच होता मी."

गल्ली बघत होती, तरी तिने त्याचा तो हात धरला आणि सोडला नाही. बाबा थोडे सरकले आणि त्याच्यासाठी सतरंजीवर जागा केली.