उंबऱ्यातला टॉर्च

ते मोबाईल जरा खाली ठेवा आणि ऐका. भूत ओळखायचा तो खेळ कसा जिंकायचा, म्हणून मघापासून एकमेकांचं डोकं खाताय. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण तो खेळ जिंकलेला एक माणूस माझ्या ओळखीचा आहे. शेजारच्या दुकानात फ्रिज दुरुस्त करतो. आम्ही सगळे त्याला बर्फ्या म्हणतो.

मागच्या वर्षी, नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी, रात्री नऊच्या सुमारास तो आपल्या भाड्याच्या घरी निघाला. काम साधंच होतं. सामान आधीच हलवलेलं; टेबल, खुर्ची, कपाट मालकाचंच होतं. मुलीचा कॉम्प्युटर तेवढा आणायचा राहिला होता आणि सकाळी मालकाला किल्ली द्यायची होती. बायको भावाकडे राहायला गेली होती. फोनवर ती एवढंच म्हणाली, "अहो, आज तरी इकडे या. येणार नसाल तर आत्ताच सांगा. रोज वाट बघायची ताकद नाही राहिली माझ्यात."

"येतो," तो म्हणाला. पण जायचा त्याचा विचार नव्हता.

कारण पावसाळ्यात त्याची भिंगरी गेली होती. भिंगरी म्हणजे त्याची मुलगी, चौदा वर्षांची, एका जागी बसेल तर शपथ. तापाचं निमित्त झालं आणि गेली. तेव्हापासून हा रोज त्या रिकाम्या घरात सतरंजीवर झोपायचा. ती अजून इथेच आहे, असं त्याला वाटायचं. आज रात्री खात्री पटली, तर मालकाच्या पाया पडायचं पण घर सोडायचं नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

ती होती तेव्हा जेवणं आटोपली की दोघं बापलेक तुमचा हाच खेळ खेळायचे. अंधाऱ्या घरात शिरायचं, खुणा गोळा करायच्या, आत कुठलं भूत आहे ते ओळखायचं आणि जिवंत बाहेर पडायचं. पोरगी त्यात मुरलेली. बापाचा मात्र आनंदीआनंद. दार करकरलं की हा ओरडायचा, "भूत!" ती कपाळावर हात मारून घ्यायची.

"बाबा, आधी साधं कारण शोध. सापडलं की ती खूण खोडायची. जी खोडता येत नाही, तीच खरी. आणि नावानं हाक मारू नकोस, भूत चवताळतं."

खेळातल्या घरात शिरताना ती एक पेटता टॉर्च उंबऱ्यात ठेवायची, तोंड बाहेर करून. पळायची वेळ आली तर अंधारात दार कुठे आहे ते दिसावं, म्हणून.

तरी ते हरायचेच. भुतानं तिला गाठलं की हा दारापासून परत फिरायचा, तिला शोधायला आत जायचा आणि स्वतःही मरायचा. मग ती जाम चिडायची.

"मी गेले तर तू दार गाठायचं, बाबा. एक जण बाहेर पडला तरी आपण जिंकतो."

"तुला टाकून कसा जाऊ गं?"

"अरे, खेळ आहे!"

तर त्या रात्री बर्फ्या घरात शिरला. वीज तोडलेली होती. त्यानं आतून कडी लावली. बायकोचा फोन येऊ नये म्हणून मोबाईल बंद केला. मग फ्रिजची थंडी मोजायचा थर्मामीटर पिशवीतून काढला. गारठा ही त्या खेळातली पहिली खूण. पण थर्मामीटरचे सेल संपले होते. म्हणून त्यानं टॉर्चमधले दोन पेन्सिल सेल काढून त्यात घातले आणि रिकामा टॉर्च तिच्या टेबलावर ठेवला. आता अंधारात फक्त थर्मामीटरचे आकडे चमकत होते.

तिच्या खुर्चीपाशी आकडा भराभर खाली आला. बर्फ्या ओरडणारच होता. पण तिनं शिकवलं होतं, आधी साधं कारण. त्यानं चाचपून पाहिलं. खिडकीच्या काचेला फट होती. खोडलं.

कपाटाचं दार हललं. त्यानं पाय उचलून परत टेकवला. दार परत हललं. खालची फरशी निखळली होती. खोडलं.

स्वयंपाकघरात टक... टक... असा आवाज येत होता. नळ होता. त्यानं तो घट्ट आवळला. आवाज थांबला. खोडलं.

लोकांच्या घरातला आवाज कुठून येतो ते शोधण्यात या माणसाचा जन्म गेला. आज एक तरी खूण खोडता येऊ नये, एवढंच त्याचं मागणं होतं. एकच. पण सगळ्या खोडून झाल्या. मग थर्मामीटर खांद्यावरच्या पिशवीत टाकून तो तिच्या खुर्चीपाशी खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

आणि त्यानं हाक मारली.

"भिंगरी..."

काही नाही.

"भिंगरी, मी नाही जात. इथेच बसतो. चालेल ना?"

काही नाही...

मग कडी वाजली.

हळूच. आतली कडी.

त्यानं मान वळवली.

दार सताड उघडं.

जिन्यावर उजेड.

उंबऱ्यात टॉर्च. पेटलेला. तोंड बाहेर.

तो उठला. दारापर्यंत आला. थांबला. मागे काळोख. तिथे ती असेल... परत वळावं... नेहमीसारखं...

"तुला टाकून कसा जाऊ गं?" तो म्हणाला.

टॉर्च तेवढा जळत होता.

बर्फ्यानं तो उचलला आणि उंबरा ओलांडला. पहिल्यांदाच.

मेव्हण्याच्या घरी पोचला तेव्हा बायको दारातच उभी होती. "गल्लीच्या तोंडापासून तुमचा उजेड दिसत होता," ती म्हणाली. "म्हटलं, आले एकदाचे." तिनं त्याला जवळ घेतलं, आणि तेवढ्यात टॉर्च विझला.

कॉम्प्युटर आणायला दुसऱ्या दिवशी सकाळी मीच गेलो होतो. घरात तसलं काही नव्हतं. नुसतं घर.

सेल संपले असतील म्हणून बायकोनं त्याच रात्री टॉर्च उघडला होता. आत सेल नव्हतेच. ते दोन्ही पिशवीतल्या थर्मामीटरमध्ये होते. पुढे बर्फ्यानं दुकानात तो टॉर्च सुटा सुटा करून पाहिला, मलाही दाखवला. साधं कारण सापडलं नाही.

टॉर्च त्यांच्या खिडकीत असतो. त्यात सेल त्यांनी अजून घातलेले नाहीत.