मंदाच्या मनातली ओळ

शनिवारच्या बैठकीत खडू पुन्हा मंदाकडे गेला, तेव्हा चारुशीलाने टाळ्या वाजवल्या खऱ्या, पण हाताला हात लागण्यापुरत्याच.

नाशिकच्या त्या वाचनालयाच्या माडीवर व्यूहभाषेची मंडळी कित्येक वर्षं जमत आली होती. इतर संगणकभाषांत हजार आकडे असले, तर एकेकाचं बोट धरून त्याला पुढे न्यावं लागतं; व्यूहभाषेत एक चिन्ह लिहिलं की सगळी पलटण एकदम वळते. पानभराचं काम एका ओळीत बसतं, आणि मंडळाचा सारा जीव त्या ओळीत. जो समोरची ओळ एका चिन्हाने का होईना आखूड करील, त्याने खडू आठवडाभर घरी न्यायचा, अशी रीत. विमा कचेरीत नोकरीला होती तेव्हापासून चारुशीलाच्या पर्सच्या तळाशी खडूची पूड असायची. त्याच कचेरीतल्या मंदाला ही भाषा तिनेच शिकवली होती, जेवणाच्या सुट्टीत, डब्याच्या झाकणावर बोट फिरवून.

पुढे पक्षाघाताने मंदाचे शब्द नेले. भात मागायचा तर तोंडून ‘छत्री’ येई. चिन्हं मात्र शाबूत राहिली. मग डॉक्टरांनी तिच्या कपाळावर मनपट्टी बसवली. मंदा चिन्हांत विचार करी आणि पट्टी तो टिपे. हिशेब असला तर ओळ भिंतीवर उमटे. बोलणं असलं तर पट्टी त्याची वाक्यं करून मंदाच्याच जुन्या आवाजात बोले. तेव्हापासून खडू दुसऱ्या कुणाच्या घरी गेला नव्हता.

“चारू, तोंड का असं? खडू चाटलास की काय?” मंदाची पट्टी म्हणाली. मंडळी खो खो हसली.

“डोक्याला यंत्र बांधलं तर माझी मांजरसुद्धा ओळी लिहील,” चारुशीला फणकारली.

“मांजर लिहील गं. तुझं काही सांगता येत नाही.”

त्याच आठवड्यात मंदावर उपचार करणारी रेहाना चारुशीलाच्या घरी आली.

“मावशी, दुखण्यानंतर मंदामावशींच्या मेंदूत अजून हलवाहलव चालू आहे. पट्टी गोंधळते. एकाच विचाराची दोन वाचनं देते.”

“मग तिलाच विचारा, खरं कोणतं.”

“दोन्ही पाहिली की त्यांना दोन्ही आपलीच वाटतात. त्यांचं मन ओळखणारं कुणी साक्षीला हवं. तुम्ही निवडाल ते पट्टी शिकेल. त्यांनी तुमचंच नाव दिलं.”

चारुशीला दवाखान्यात गेली. मंदाला दिसू नयेत म्हणून कापडी पडद्याआड, तिच्यापुढच्या संगणकावर दोन वाचनं येत, आणि खऱ्यावर ती बोट ठेवी. चहा की ताक, खिडकी लावू की उघडू, इथवर ती अगदी प्रामाणिक होती. मग मंदाने एक ओळ रचली. डावीकडचं वाचन रटाळ, हात धरून चालवल्यासारखं. उजवीकडचं असं लखलखीत, की चारुशीलाने ते दोनदा वाचलं. इतकं देखणं तिला स्वतःला कधी सुचलं नव्हतं. मंदाचं तेच होतं, यात तिला तिळमात्र शंका नव्हती.

तिने डावीकडे बोट ठेवलं. पुढच्या वेळीही, आणि त्याच्या पुढच्याही.

लवकरच एका शनिवारी मंदाची ओळ भिंतीवर उमटली ती लांब, ढगळ. चारुशीलाने एका दमात तिची दोन चिन्हं उडवली. खडू हातात आला, आणि तिला किती दिवसांनी मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं. ती मंदाकडे वळली, आता कोणता टोमणा येतो ते झेलायला.

“छान. अभिनंदन,” पट्टी म्हणाली.

“मंदाताई, बस एवढंच?” म्हातारे सोनवणे ओरडले. “आज मिरची घरीच विसरलात?”

“हो. छान झालं.”

आपण दोनचार ओळीच बिघडवतो आहोत, असं चारुशीला धरून चालली होती. पण मंदाला हिशेब आणि बोलणं अशी वेगळी खाती नव्हतीच. दोन्ही त्याच चिन्हांत चालत. जे मिळमिळीत ते मंदाचं, एवढंच पट्टी शिकली होती, आणि तिने सगळी पलटण वळवली होती. आयुष्यभर हीच भाषा लिहिणाऱ्या चारुशीलाला एवढं दिसू नये?

दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन रेहानाकडे गेली. एकेक तल्लख वाचन शोधून त्यावर बोट ठेवत राहिली. कपाळावर घाम आला तरी थांबली नाही. शेवटी तिने पडदा बाजूला सारला.

“मंदे, मी मुद्दाम चुकीचं निवडत होते. खडूसाठी. तुला कळलं होतं?”

मंदाच्या उत्तराची चारुशीलापुढे दोन वाचनं आली.

डावीकडे होतं: “नाही. तू असं करणार नाहीस, म्हणून तर तुझं नाव दिलं.”

उजवीकडे होतं: “पहिल्याच दिवशी कळलं. तुझ्या जागी मी असते तर त्याआधीच केलं असतं.”

उजवीकडच्यात मंदाचा सगळा जुना ठसका होता. त्यात चारुशीलाची सुटकाही होती.

“मावशी, निवडा ना,” रेहाना म्हणाली. “तुम्ही निवडेपर्यंत त्यांचं बोलणं अडलंय.”

चारुशीलाचं बोट वर उचललेलं तसंच राहिलं. यातलं मंदाचं कोणतं, आणि आपल्याला हवं म्हणून मंदाचं वाटतंय ते कोणतं?