चालव, मी धरलंय

आमचे थोरले दीर टेंपो चालवतात. भित्रे मुळीच नाहीत. मुडदा पोचवून येतील आणि हात धुऊन जेवायला बसतील. म्हणून त्या रात्री लाइट गेल्यावर ते जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते. माझ्या दोघी मुली आणि पुतण्या पायरीवर बसले होते. पुतण्याला गिअरची सायकल हवी होती, त्यावरून विषय निघाला.

"मोठे काका, शेडमध्ये ताडपत्रीखाली एक पडलीय की. तीच द्या मला."

"ती कुणी चालवत नाही."

"गंजलीय?"

"गंज नाही तिला. आधी ऐक. मग तूच नको म्हणशील."

आणि त्यांनी सांगायला घेतलं.

काम साधं होतं. कॅन्सरच्या पेशंटसाठी लांब पल्ल्याची सायकल चालवणारा एक ग्रुप आहे. गावोगाव थांबायचं, लोकांशी बोलायचं, उपचारांसाठी मदत गोळा करायची. मी त्यांच्या मागून टेंपो न्यायचो. पाण्याचे जार, ट्यूबा, पंप, आणि सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत.

त्यांची एक रीत होती. प्रत्येकाच्या पाठीवर कापडाची पट्टी टाचलेली, तिच्यावर आपल्या माणसाचं नाव. माणूस आजारी असेल तर पांढरी, गेला असेल तर काळी. काळ्या पट्टीवाले पुढे. गावात शिरताना पुढे, फोटोत पुढे, स्टेजवर बोलायलाही तेच. ज्याचं माणूस गेलं त्याला तेवढा मान. कुणाची तक्रार नव्हती.

रात्री एका रांगेत चालवायचे. कॅप्टन पुढून ओरडायचा, "आहात का?" मग एकेक जण "आहे" म्हणायचा. सगळ्यात मागचा म्हणायचा, "शेवट." म्हणजे माझ्या मागे कुणी नाही, रांग पुरी झाली.

त्यात एक चष्मेवाला होता. चष्म्याच्या दुकानात कामाला. दोन वर्षं पांढरी पट्टी लावून मागे मागे यायचा, कुणी ढुंकून बघायचं नाही. तिसऱ्या वर्षी काळी लावून आला. पट्टीवर एकच शब्द, ताई.

निघताना माइक घेतला त्यानं. म्हणाला, "आईबाप लहानपणीच गेले. ताईनं वाढवलं मला. खोक्यांच्या कारखान्यात होती. कटिंग मशीननं तिची अर्धी करंगळी नेली, तरी दुसऱ्या दिवशी कामावर गेली. माझी शाळा थांबू नये म्हणून. सायकलही तिनंच शिकवली. मागून सीट धरून पळायची. म्हणायची, चालव, मी धरलंय."

बायका पदरानं डोळे पुसत होत्या. सगळे मान खाली घालून शांत उभे राहिले. मी पण राहिलो, टोपी काढून. मग त्यानं डबा उघडून सगळ्यांना खायला दिलं. घरचं होतं, छान होतं. कुणी केलं विचारलं, तर म्हणाला शेजारणीनं.

"बिचारा," माझी धाकटी म्हणाली.

"थांब जरा. इतक्यात रडू नको त्याच्यासाठी," भाऊजी म्हणाले.

शेवटची रात्र. फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार, आकाशात चंद्र नाही. सकाळी हॉस्पिटलच्या मैदानात पोचायचं होतं, तिथं स्टेज बांधलेलं. पावणेदोनला आम्ही एका पेट्रोलपंपावर चहाला थांबलो. पिशवीत फोन वाजायला लागला. वाजला, थांबला, परत वाजला. मी काढून बघितला. चष्मेवाल्याचा होता. वर नाव... ताई.

उचलला.

"बाळा," बाईचा आवाज. धाप लागलेली. "कुठं आहेस रे? श्वास पुरत नाही मला. दाराला आतून कडी आहे. उठवत नाही..."

मी फोन तसाच घेऊन गेलो आणि त्याला बाजूला ओढला. म्हटलं, "तुझी ताई जिवंत आहे."

त्यानं आधी इकडंतिकडं पाहिलं. कुणी ऐकलं तर नाही ना, ते.

"हळू बोला ना काका. आज ना उद्या जाणारच आहे ती, डॉक्टरनंच सांगितलंय. मी थोडं आधी बोललो, एवढंच."

"टेंपोत बस. आत्ता फिरवतो, उजाडायच्या आत दारात सोडतो."

"सकाळी माझं भाषण आहे."

"अरे, तिला श्वास लागलाय."

"रोजच लागतो. मी निघायचं म्हटलं की जास्तच लागतो. दोन वर्षं पांढरी लावून फिरलो, पाणी तरी विचारलं का कुणी? एकदा पुढे आलोय, तर आता हिचं हे."

"पत्ता तरी दे. कुणाला तरी पाठवतो."

"तुम्ही गाडी चालवा. माणसं चालवू नका."

तेव्हा माझं लक्ष हातातल्या फोनकडे गेलं. चालूच होता तो. पलीकडे धाप ऐकू येत होती. मग... तीही ऐकू येईना.

त्यानं फोन हिसकावला, बंद केला, खिशात घातला.

"मेली ती?" माझ्या थोरलीनं विचारलं.

भाऊजींनी बिडी पेटवली, ती ओढलीही नाही.

या भांडणात बाकीचे निघून गेले होते. त्यानं पाय मारत रांग गाठली, पण शेपटाला. त्याच्या मागे फक्त माझा टेंपो. हेडलाइट त्याच्या पाठीवर. काळी पट्टी ठळक दिसत होती.

थोड्या वेळानं कॅप्टन ओरडला, "आहात का?"

आहे. आहे. आहे. आवाज मागे मागे येत गेले. चष्मेवाला ओरडला, "शेवट."

आणि त्याच्या मागून...

"आहे."

बाईचा आवाज. धाप लागलेली.

मी काच खाली केली. त्याच्या आणि माझ्यामध्ये रस्ता होता. मोकळा. दुसरं काही नाही.

त्यानं मान वळवली. चेहरा पांढराफटक. परत पुढे बघितलं, जोरात पाय मारायला लागला.

मग घाटाचा उतार लागला. पुढचे सगळे पाय थांबवून घसरत खाली गेले. त्यांचे लाल दिवे लहान होत गेले. गेले.

हा मात्र हळू झाला. आणखी हळू.

उतार होता. आणि सायकल पुढे जाईना.

पॅडलवर उभा राहिला तो. सगळं वजन घातलं. चेन करकरत होती. मी ब्रेक लावला. इंजिन आपोआप बंद पडलं. दिवे चालू.

"ताई," तो म्हणाला. "सोड."

...

"सोड ना गं. चुकलो मी. उद्या येतो. उद्या नक्की..."

...

"ताई, लोक बघतील."

तेव्हा आवाज आला. रागाचा नाही. लहान पोराला शिकवताना असतो तसा.

"चालव. मी धरलंय."

त्यानं जीव खाऊन पाय मारला.

आणि तिनं सोडलं.

खाली वळणावर पुलाचा कठडा होता. मला वरपर्यंत आदळल्याचा आवाज आला.

भाऊजींनी विझलेली बिडी फेकली. मग पुतण्या म्हणाला, "आणि ताई?"

"दुपारी शेजाऱ्यांनी दार फोडलं. पलंगावर होती, फोन हातात. डॉक्टरनं वेळ सांगितली. आम्ही पंपावर होतो तेव्हाच गेली होती."

"आणि तो?"

"आहे की. मानेखाली काही हलत नाही. तिच्याच पलंगावर असतो. शेजारीण सकाळी भरवते, संध्याकाळी पुसून काढते, जाताना बाहेरून कडी घालते. रात्री ओरडतो म्हणे, धर, धर म्हणून. कोण धरणार? ग्रुप पुढच्या वर्षी निघाला. त्याचं नाव कुणी पट्टीवर लिहिलं नाही. सायकल न्यायलाही कुणी आलं नाही. म्हणून ती आपल्या शेडमध्ये."

बरं झालं, असं मी मनात म्हटलं. आजही म्हणते.

भाऊजी टॉर्च घेऊन उठले. मुलं माझ्या पदराला धरून मागे. ताडपत्री काढली. सीट कडक चामड्याची, लाकडासारखी टणक.

"मागून धर," ते पुतण्याला म्हणाले. "शिकवताना धरतात तशी. बोटं खालून घाल."

त्यानं घातली. आणि हात झटकन ओढून घेतला.

"काकू, खाली खड्डे आहेत."

मी भुतंखेतं मानत नाही. पोराला बाजूला केलं आणि स्वतः हात घातला. चामड्यात चार खड्डे दाबलेले होते. तीन माझ्या बोटांना बरोबर बसले.

करंगळीचा अर्धाच होता.