बॅरोज गेटची घंटा

दुपारी चारला नेरिसा घरातून निघाली. काम साधंच होतं. तिच्या थोरल्या बहिणीला, क्लोडीनला, सकाळपासून कळा येत होत्या. दरडीने रस्ता बंद, म्हणून सुईण मिस आयव्हरीन जुन्या रुळांवरून चालत येणार होती. बॅरोज गेटच्या थांब्यावर तिला गाठायचं आणि घरी आणायचं. एवढंच.

पण नेरिसा सरड्यालाही दचकणारी.

जमैकाच्या त्या डोंगरात गाडी यायची बंद झाली, त्याला तीस वर्षं झाली होती. फलाटावर गवत माजलेलं, तिकीटघरात वटवाघळांचा उग्र वास. छपराखाली घंटा टांगायचा नुसता लोखंडी आकडा. स्टेशनमास्तर कफी प्रत्येक उतारूमागे एक टोला द्यायचे, आणि कुणी कोको दिला की कप स्वतः विसळून पालथा घालायचे. ते वारले, घंटा भंगारात गेली.

“नेरिसा...”

हाक ओढ्याकडून आली. बसक्या आवाजात. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. आईने बजावलेलं होतं, माणूस दिसत नसेल तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नकोस. मेलेल्यांना दोनच हाका मारता येतात.

“नेरिसा... अगं...”

दोन. ओठ घट्ट मिटून ती तिसरीची वाट पाहत राहिली. तिसरी आलीच नाही. बेडूकसुद्धा गप्प झाले. ती पळायच्या बेतात होती, तेवढ्यात...

ठण्ण.

अगदी डोक्यावर. तिने वर पाहिलं. आकडा रिकामाच, पण हलत होता.

एक टोला. म्हणजे कुणीतरी आलंय!

“ओ!” रडवेल्या आवाजात ओरडत ती ओढ्याकडे धावली.

रुळांखालच्या मोरीवरची कुजकी फळी मोडून मिस आयव्हरीन कमरेपर्यंत अडकली होती. खाली पाणी चढत होतं.

“दोन हाकांत घसा बसला माझा! तुमच्या त्या कॉलेजात तोंड शिवून घ्यायला शिकवतात का गं?”

“मला वाटलं... भूत.”

“एवढ्या घेराचं? ओढ आता!”

दिवेलागणीला क्लोडीनला मुलगी झाली. त्याच क्षणी खाली दरीत टोला पडला.

“चर्चची असेल,” मिस आयव्हरीन हात धुवत म्हणाली.

“चर्च डोंगरापलीकडे आहे...”

ठण्ण.

नेरिसाने सुईणीपुढचा पंचा ओढून घेतला. “मिस आयव्हरीन, हात नका पुसू. अजून कुणीतरी येतंय.”

“मी तपासलंय, एकच...” मिस आयव्हरीनचं वाक्य पुरं व्हायच्या आत क्लोडीन किंचाळली. सुईण वळली. “अगं बाई! आण ते गरम पाणी!”

मुलगा निळा पडला होता. पाठीवर दोन चापट्या बसल्या, तेव्हा कुठे त्याने टाहो फोडला. क्लोडीन हसता हसता रडू लागली.

बाळं दुपट्यात गुंडाळून होतात न होतात, तोच तिसरा टोला पडला.

मिस आयव्हरीनने क्लोडीनच्या पोटावर हात ठेवला आणि नकारार्थी मान हलवली. बाहेर फाटक करकरलं.

नेरिसा आयुष्यात पहिल्यांदा दचकली नाही. तिने कोकोचा आणखी एक कप भरून पायरीवर ठेवला.

“या,” ती अंधाराला म्हणाली. “पण हळू... बाळं आत्ताच झोपलीत.”

सकाळी कप स्वच्छ विसळून पालथा घातलेला होता.