गुंडी लावायची राहिली

फोन बाजूला ठेव, उज्ज्वल. राणी, तू ते बाल्कनीचं दार ओढून घे. सिंगापूरच्या या मरीन परेडचं समुद्रवारं कितीही चांगलं असलं तरी म्हाताऱ्याचा आवाज त्यात वाहून जातो. काय म्हणालीस? ‘अंकल, घोस्ट स्टोरी ऑल फेक ला’? बरोबर आहे तुझं. आपण बुद्धाची लेकरं, भूतखेत आपल्यात बसत नाही. श्राद्ध घालणार नाही, पिंड पाडणार नाही, हे आपण छाती ठोकून सांगतो. बावीस प्रतिज्ञांच्या त्याच यादीत ‘खोटं बोलणार नाही’ हेही आहे, ते मात्र आपल्याला जरा हळू आवाजात आठवतं. निशिकांतला तर त्या दिवशी आठवलंच नाही.

निशिकांत तुमच्यासारखाच. पुण्याचा, बुओना व्हिस्टाला लॅबमध्ये संशोधक, हुशार, निर्व्यसनी, पण उतावळा. भाकरी तव्यावर पडली की लगेच ताटात हवी, असा. लग्न व्हायचं होतं. तोआ पायोहला एका जुन्या ब्लॉकमध्ये सातव्या मजल्यावर एकटाच भाड्याने राहायचा. तिथली लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. सहाव्यावर उतरायचं आणि एक जिना चढून जायचं.

दोन हजार चारच्या जानेवारीत त्याची आई आली, कमलाबाई. खडकीची. नुकतीच बासष्ट पूर्ण झालेली. मुलाचं घर बघायला आले, असं ती विमानतळावर सगळ्यांना सांगत होती, पण खरं काम वेगळंच होतं. तिला आपल्या वडिलांचं नाव बघायचं होतं.

वडील रायभान, खडकीच्या लष्करी बाजारातले शिंपी. एक्केचाळीस साली एका पलटणीबरोबर, कपडे शिवायला म्हणून, बोटीत बसले आणि इथे आले. तेव्हा कमलाबाई आईच्या पोटात पाच महिन्यांची. ती जन्मली आणि महिन्याभरात सिंगापूर पडलं. रायभान परतले नाहीत. त्याआधी एक पत्र तेवढं पोचलं होतं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. ते कमलाबाईला तोंडपाठ होतं. ‘आम्ही खाडीच्या काठाला आहोत. पलीकडे दुसरं राज्य दिसतं. बाळासाठी झबलं शिवलंय. खाकी आहे, पण धुऊन धुऊन मऊ केलंय. मुलगा असो की मुलगी, छातीवर झाकणाचा खिसा लावलाय, फौजी असतो तसा. गुंडी लावायची तेवढी राहिली आहे. लावली की घेऊन येतो.’

तान्ह्या बाळाच्या झबल्याला खिसा! आळीतल्या बायका पोट धरून हसायच्या. बाळ त्यात काय ठेवणार, तपकीर? कमलाबाई मात्र कधी हसली नाही. बाप तिने पाहिला नव्हता, त्याचा फोटो नव्हता. तिच्यापुरता बाप म्हणजे तो खिसाच होता.

आता क्रांजीला युद्धात मेलेल्यांचं स्मशान आहे हे तुम्हाला माहीत आहे. टेकडीवर पांढऱ्या दगडांच्या रांगा. ज्यांना थडगंही मिळालं नाही, त्यांची नावं वर भिंतींवर कोरलेली. निशिकांतने आई यायच्या आधीच यादी दोनदा चाळली होती. रायभान नव्हते. का नव्हते, कोण जाणे. पण हे आईला सांगायचं कसं? रोज संध्याकाळी ती ताट वाढायची आणि विचारायची, “सापडलं का रे?” तो म्हणायचा, “बघतो.” महिनाभर नुसतं बघतो, बघतो. मंगळवारचं परतीचं तिकीट, व्हिसाही तेवढाच, आणि शनिवारी म्हातारीने सांगून टाकलं, “नाव बघितल्याशिवाय मी विमानात पाय ठेवायची नाही. तुझ्या पोलिसांना काय करायचं ते करू दे.”

म्हणून रविवारी, आठ फेब्रुवारीला, दोघं निघाले. आधी वुडलँड्सला किनाऱ्यावर गेले. ओहोटी होती, काळा चिखल उघडा पडला होता आणि त्याचा वास सुटला होता. समोर एवढीशी खाडी, पलीकडे मलेशियातल्या जोहोरच्या इमारती.

“हेच का ते दुसरं राज्य?” कमलाबाईने विचारलं.

“हो. इथे सरहद्द संपते.”

तिने डोळ्यांवर हात धरून पलीकडे बघितलं. मग म्हणाली, “पत्रात खोटं काही नव्हतं बघ.”

तिथून टॅक्सीने क्रांजी. दुपारचे बारा. ऊन असं की डोकं फुटावं. दुसऱ्या दिवशी सकाळी निशिकांतचं लॅबमध्ये प्रेझेंटेशन होतं आणि त्याचं अर्धं लक्ष तिकडे. आई एकेका भिंतीपाशी थांबे, वर बघे, खाली बघे. मराठी वाचायला ती प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकली होती, इंग्रजी येत नव्हतं. एक तास गेला. दीड तास गेला. शेवटी त्याने काय केलं, तर आईचा हात धरला, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर जे नाव होतं त्यावर ठेवला आणि म्हणाला, “हे बघ. रायभान.”

ते नाव कुणा पंजाबी शिपायाचं होतं.

कमलाबाईने एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. “इतकी अक्षरं?”

“इंग्रजीत जास्त लागतात, आई.”

एक खोटं पचलं की दुसरं शोधावं लागत नाही, आपसूक तोंडात येतं. आईने पदराने ते नाव पुसलं. हात जोडून त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हटलं. चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलाला निशिकांतने घड्याळ बघितलं. मग ती भिंतीला अगदी खेटून उभी राहिली आणि घरातल्या माणसाशी बोलावं तसं बोलली.

“बाबा, मी कमळी. तुम्ही गेल्यावर झाले. हा माझा मुलगा. इथेच राहतो, तोआ पायोहला, सातव्या मजल्यावर. मी परवा जाणार. त्याआधी एकदा घरी या. झबलं आता मला व्हायचं नाही... तरी घेऊन या.”

निशिकांतला वाईट वाटलं. नाही असं नाही. पण सुटलो बुवा, हेही वाटलंच. निघताना त्याने सहज मागे वळून बघितलं. भिंतींपासून लांब, उतारावर, जिथे दगड नाही की नाव नाही अशा नुसत्या गवतात, झाडाखाली एक किरकोळ अंगाचा माणूस मांडी घालून बसला होता. मान खाली, मांडीवर काहीतरी काम चाललेलं. माळी असेल, त्याने मनाशी म्हटलं. बघता बघता तो माणूस उठून उभा राहिला.

हसतेस काय, राणी? रविवार होता. माळ्याला सुट्टी असते, हे त्यालाही टॅक्सीत बसल्यावर सुचलं.

आता रात्र. तारीख बदलून नऊ झालेली. दोन वाजून दहा मिनिटं. आई आतल्या खोलीत, निशिकांत हॉलमध्ये गादीवर. प्रेझेंटेशनच्या धास्तीने जागाच होता.

खालच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं.

त्यात काही विशेष नाही. शेजारी एक टॅक्सीवाला राहायचा, त्याची यायची वेळ हीच. पण त्याच्या बुटांचा आवाज येई. हे पाय अनवाणी होते. आणि ओले.

पचक...

पचक...

जिन्यावरून वर. प्रत्येक पायरीवर थांबत. मग कॉरिडॉरमध्ये. एक दार मागे पडलं. दुसरं दार. तिसऱ्यापाशी... थांबले.

बाहेरच्या लोखंडी जाळीला हात लागला. कुलूप किणकिणलं. ठोठावलं नाही कुणी. नुसतं चाचपलं.

निशिकांत उठला. कॉरिडॉरकडच्या खिडकीची एक काचपट्टी बोटभर वर केली. आधी वास आला. दुपारचा. वुडलँड्सच्या चिखलाचा.

ट्यूबलाइटखाली एक माणूस उभा होता. अंगाला चिकटलेली खाकी. गुडघ्यापर्यंत चिखल. मान खाली. दोन्ही मुठी छातीशी आवळलेल्या, काहीतरी जपून धरल्यासारख्या. चेहऱ्याकडे निशिकांतला बघवलं नाही. ओठ तेवढे दिसले. दातांत काहीतरी घट्ट धरलेलं होतं, आणि ते न सोडता तो बोलायला बघत होता.

“म्म्... म्म्...”

निशिकांत खिडकीपासून मागे सरला. आता कळलं. ज्याच्या नावावर आईचा हात ठेवला, तोच आला. बासष्ट वर्षं ज्याला कुणी हाक मारली नाही, त्याला एका बाईने बाबा म्हटलं, घरी बोलावलं, पत्ता दिला. तो पंजाबी.

“कोण आहे रे?” मागे आई उभी होती.

“कुणी नाही. तू झोप.”

तिने वास घेतला. “बाबा आले,” ती म्हणाली. साधेपणाने, गाडी वेळेवर आली म्हणावं तसं. आणि खिळ्यावरची किल्ली काढली.

“आई, थांब.”

“अरे, बोलावलंय मी.”

किल्ली दाराला लागली. लाकडी दार उघडलं की मध्ये नुसती जाळी. निशिकांतने तिचं मनगट धरलं.

“आई... ते तुझे बाबा नाहीत.”

तिने किल्ली दारापासून मागे घेतली.

“ते नाव दुसऱ्याचं होतं. मी खोटं बोललो. बाबांचं नाव तिथे नाहीच. कुठेच नाही.”

अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता. बाहेरचा आवाजही थांबला होता. तिथेही कुणी ऐकत होतं.

“मग माझे बाबा कुठे आहेत?”

“मला माहीत नाही.”

किल्ली तिच्या हातातून खाली पडली. निशिकांत खिडकीशी गेला. पंजाबी माणूस, त्याला मराठी काय कळणार? म्हणून शहाण्याने हिंदी काढली. “साहब, आप ग़लत घर आए हैं. ये आपकी बेटी नहीं है. यहाँ आपका कोई नहीं. आप जाइए.”

बाहेर काही हललं नाही.

“जाइए!”

“म्म्...”

मग कमलाबाई पुढे झाली. बंद दाराला तोंड लावलं. आयुष्यभर तिने कुणाला उंबऱ्यावरून परतवलं नव्हतं. तिची हिंदी खडकीच्या बाजारातली, मोडकीतोडकी. ती म्हणाली, “भैया, माफ करना. तुम मेरा बाप नहीं. मैंने तुमको नहीं बुलाया.”

निशिकांतच्या कानांनी ऐकलेलं तिचं ते शेवटचं वाक्य. मंगळवारच्या विमानात ती बसली, पुढे पाच वर्षं जगली, पण फोनवर मुलाचा आवाज आला की रिसीव्हर शेजारणीच्या हातात द्यायची. मग वारली. पण हे नंतरचं.

त्या रात्री ती दाराला पाठ लावून जमिनीवर बसली. निशिकांत तिच्याजवळ बसायला गेला, तिने पाय आखडून घेतले. पावलं गेली नाहीत. तो जो कोण होता, तो दाराबाहेरच टेकला होता. दोघांमध्ये एक फळी. आणि पलीकडे एक बारीक आवाज चालू होता. टुच्... सर्र... थांबून पुन्हा... टुच्... सर्र...

निशिकांतने कानावर उशी दाबली.

आई ऐकत बसली.

तीन वाजले. चार वाजले. पावणेसहाच्या सुमाराला आवाज थांबला. काहीतरी दातांनी तोडायचा प्रयत्न झाला... तुटलं नाही. मग ओली पावलं. पचक... पचक... लिफ्ट नाही. जिन्यानेच. सात मजले, एकेक पायरी, खाली खाली.

शेवटचं पाऊल ऐकू येईनासं झालं तशी कमलाबाई उठली. किल्ली उचलली. दार उघडलं.

कॉरिडॉर रिकामा होता. फरशीवर, उंबऱ्याला लागून, मांडी घालून बसलेल्या माणसाएवढी ओल. जाळीच्या आडव्या गजावर वीतभर खाकी कापड घडी करून ठेवलं होतं. तिने ते उचलून उलगडलं. झबलं. ओलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. छातीवर झाकणाचा खिसा. खिशावर पितळी गुंडी, लावलेली. दोरा तोडायचा तेवढा राहिला होता.

दोऱ्याच्या टोकाला सुई लोंबत होती. अजून हलत होती.