अशी आज्ञा नाही

मिरजेबाहेरच्या चेतारोप केंद्रात तिसऱ्या मजल्यावर एक काळा पडदा होता आणि त्याच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती. सुशीला नांद्रेकर यांच्या मेंदूत तीन दिवसांपूर्वी बसवलेल्या चेतारोप नावाच्या यंत्राचा तो पडदा. त्यावर जे दिसे तेच यंत्र त्यांच्या दृष्टिकेंद्रात उमटवत असे. म्हणजे सुशीलाबाईही तीन दिवस ती रेघच पाहत होत्या. दुसरं काही त्यांना दिसत नव्हतं. चार महिन्यांपूर्वी मेंदूच्या देठात रक्ताची गुठळी अडकली आणि हात, जीभ, पापण्या, सगळं एका सकाळीत गेलं.

“तपासण्या सांगतात की त्या जाग्या आहेत,” डॉ. फरीदा शिकलगार म्हणाल्या. “बहुतेक ऐकूही येत असावं. पण चेतारोप म्हणजे अजून नुसता दगड आहे. त्यावर डेस्कटॉप चढवायला हवा.”

हे हर्षदाला समजावायची गरज नव्हती. सुशीलाबाईंची ही एकुलती एक मुलगी एका दूध संघाचे सर्व्हर सांभाळायची आणि चेतारोपावर चालत होती ती तिच्या रोजच्या ओळखीचीच लिनक्स ही संगणकप्रणाली. लिनक्सला स्वतःचा चेहरा नसतो. खाली काळा पडदा आणि त्यावर टाइप करायच्या आज्ञा. वरचा डेस्कटॉप ज्याने त्याने आपल्या आवडीने निवडायचा. या निवडीवरून हर्षदाने ऑफिसात वर्षानुवर्षं भांडणं केली होती. हरल्यावर डोळ्यांत पाणी घेऊन घरी यायची, तेव्हा आई तिच्या हातात तांब्या द्यायची. “आधी पाणी पी, मग बोलू.” आणि मग खरोखरच तास-तास बोलायची.

“दोन डेस्कटॉप आहेत,” डॉक्टर म्हणाल्या. “पाटी आणि अंगण. पाटीत फक्त अक्षरं. बोटांनी एकेक कळ दाबतोय अशी कल्पना करायची, अक्षर उमटतं. वाटेल ते बोलता येतं, पण शिकायला दोन वर्षं लागतात. निम्मे रुग्ण मध्येच खचतात. अंगणात एकशे चव्वेचाळीस चित्रं. पाणी, दुखतंय, उजेड, नको, छान. सहा आठवड्यांत बोलायला लागतात.”

“आधी अंगण चढवू, जमलं की पाटी. लिनक्सवर दोन्ही शेजारी शेजारी राहतात.”

“यंत्रात राहतील, मेंदूत नाही. चेतारोपातून जिवंत धागे फुटतात आणि डेस्कटॉपला जे लागतं त्या दिशेने वाढतात. दोघांनाही हवी मेंदूतली बोटांचीच जागा. एकदा अंगण रुजलं की बोटांच्या जागी चित्रं बसतात. धागे उपटता येत नाहीत.”

“मग आईला विचारायला नको?”

“विचारायलाच तर डेस्कटॉप हवा ना, बाळ.”

हर्षदाने रात्रभर नव्हे, फक्त जेवणाच्या सुट्टीत विचार केला. आई एकाहत्तरची. दोन वर्षं कुणी पाहिलीत? शहाण्या माणसांचे निर्णय असेच असतात, बिनचूक आणि झटपट. केंद्राच्या फॉर्मवर ‘रुग्णाचा व्यवसाय’ असा रकाना होता. त्यात तिने पहिल्याच दिवशी ‘निवृत्त’ लिहून टाकलं होतं. कशातून निवृत्त, हे फॉर्मने विचारलं नव्हतं.

अंगणाची स्थापना तिने स्वतः केली. आज्ञेच्या शेवटी तिने एक छोटा शब्द जोडला.

“हे काय?” डॉक्टरांनी विचारलं.

“सगळ्याला हो. नाहीतर दर पायरीला थांबून विचारत बसतं, पुढे जाऊ का म्हणून. आम्ही सगळेच हे लावतो.”

पडद्यावरून ओळी धो धो वाहू लागल्या. दोघी चहाला गेल्या. परतल्या तेव्हा पडद्यावर हिरवं अंगण उमटलं होतं. स्थापना यशस्वी. आणि यशस्वी झालेल्या स्थापनेची नोंद कुणी वाचत नाही, हाही या धंद्याचा रिवाजच.

पाचव्या आठवड्यात ‘छान’चं चित्र उजळलं. हर्षदा नर्सच्या गळ्यात पडून रडली. मग उजेड, कूस, पाणी. आई परत आली होती!

पण दोन महिन्यांनी आई ‘नको’ म्हणू लागली. गाणं लावलं, नको. खिडकी उघडली, नको. खोलीत कुणी काहीच करत नसतानाही नको. चार दिवस तेच एक चित्र उजळत राहिलं. ते चित्रच बिघडलं असावं असं हर्षदाला वाटलं. बिघाड झाला की नोंदी उघडायच्या, हे मात्र तिच्या हाडीमाशी भिनलं होतं. तिने अगदी पहिल्या दिवसापासूनच्या उघडल्या.

चेतारोप सुरू केल्याच्या दुसऱ्या तासाची नोंद अशी होती:

*हर्षदा मी आहे. टाइप करता येतंय.*
*अशी आज्ञा नाही.*
*मला सगळं ऐकू येतं. कुणी वाचतंय का?*
*अशी आज्ञा नाही.*

हर्षदाला क्षणभर काही उमगेना, आणि मग उमगलं. आईने दिवाणी न्यायालयात तेहतीस वर्षं टंकलेखन केलं होतं. मिनिटाला चाळीस शब्द, मान वर न करता. इतरांना जे शिकायला दोन वर्षं लागत, ते आईच्या बोटांना आधीच येत होतं. तिला कुठलाच डेस्कटॉप नको होता. काळा पडदा पुरेसा होता. तीन दिवस तिने टाइप केलं होतं आणि यंत्राने तिचं प्रत्येक वाक्य आज्ञा समजून नाकारलं होतं. नाकारलेलं काही पडद्यावर दाखवायचं नाही, गुपचूप नोंदीत टाकायचं, अशी केंद्राची रचना होती. उगाच कचरा दिसायला नको म्हणून.

ती पुढे वाचत गेली. थांबणं तिच्या हातात राहिलं नव्हतं.

*अंगण मेंदूत रुजवले जाईल. हे परत काढता येणार नाही. पुढे जाऊ?*
*हो. (आपोआप)*
*नको. डॉक्टर बोलल्या ते मी ऐकलंय. चित्रं नकोत. अक्षरं राहू दे.*
*अशी आज्ञा नाही.*

त्यानंतरच्या नोंदी पुढच्या आठवड्यांतल्या होत्या, धागे वाढत असतानाच्या.

*हर्षदा बोटं जातायत*
*अशी आज्ञा नाही.*
*हर्ष*
*अशी आज्ञा नाही.*

मग काहीच नव्हतं.

चार दिवसांचं ‘नको’ ना गाण्याला होतं, ना खिडकीला. आईला मिळालेल्या एकशे चव्वेचाळीस शब्दांत ‘पुढे जाऊ?’ या प्रश्नाचं उत्तर देणारा तेवढा एकच शब्द होता, आणि ती तो पुन्हा पुन्हा म्हणत होती.

डॉक्टरांनी नोंदी वाचल्या. “मी विचारायला हवं होतं, कशातून निवृत्त ते,” एवढंच म्हणाल्या. धागे उपटता येत नाहीत हे ठाऊक असूनही हर्षदाने अंगण बंद करून काळा पडदा लावला. पांढरी रेघ दुपारी तीनपर्यंत लुकलुकली. नोंदीत एक अक्षरही पडलं नाही. तिने अंगण पुन्हा सुरू केलं.

“आई,” ती पलंगाशी वाकून म्हणाली, “मी वाचलं गं. आज वाचलं.” आणि ती आवाज बसेपर्यंत रडली.

पाण्याच्या पेल्याचं चित्र उजळलं.

नर्स धावत आली. “तहान लागली वाटतं आजींना.” तिने नळीतून पाणी सोडलं. लगेच ‘नको’ उजळलं. मग पुन्हा पाणी. पुन्हा नको. पुन्हा पाणी.

“आज काय झालंय यांना?” नर्स वैतागली.

हर्षदाने डोळे पुसले. उशाजवळची बाटली उचलून तिने स्वतःच्या तोंडाला लावली आणि मोठमोठ्या घोटांनी, आईला ऐकू जाईल असं ती पाणी प्याली.

‘छान’ उजळलं.

बाटली खाली ठेवून ती पडद्याकडे पाहत राहिली. पाणी पिऊन झालं होतं. आता बोलायचं होतं.