रिकाम्या पोर्टवरचा पहारा

मी वीणेकरी आहे. गळ्यात वीणा असताना खोटं बोलत नाही. हे लिहितानाही बोलणार नाही.

साल २०१६. चैत्रातली भर दुपार. पुंडलिकनगरातलं आमचं छोटं विठ्ठल मंदिर, सप्ताह चालू.

सप्ताहात वीणा रात्रंदिवस कुणाच्या तरी गळ्यात असते. खाली ठेवायची नाही, थांबवायची नाही. दुपारचा पहारा वर्षानुवर्षं रामकिसनबुवांचा. ते दिवाळीत गेले, मग तो माझ्याकडं आला.

वीणेचा आवाज माईकमधून लॅपटॉपमध्ये आणि तिथून गल्लीतल्या भोंग्यावर जायचा. पण लॅपटॉप सारखा मुका व्हायचा. माझा पुतण्या हिमांशू कॉम्प्युटरवाला. त्यानं सकाळीच तो उघडून बघितला.

"काका, दोष फर्मवेअरचा. म्हणजे कंपनीनं लॅपटॉपच्या पोटात भरलेला प्रोग्राम. माईक लावलेला असला तरी तो म्हणतो, पोर्ट, म्हणजे वायर खुपसायची जागा, रिकामा आहे. अन् यूएसबी ड्रायव्हर, म्हणजे माईकचा आवाज आत घेणारा दुसरा प्रोग्राम, बिचारा विश्वास ठेवतो."

"मग रे?"

"ड्रायव्हरमध्येच लिहून टाकलं... या मॉडेलच्या फर्मवेअरचं ऐकू नको. स्वतः जाऊन बघ, कोणी आहे का."

दुपारी टँकरचा हॉर्न वाजला.

देवळात मी एकटाच. घरात प्यायलाही थेंब नव्हता, आणि गुडघ्यांमुळं हिला घागर उचलत नव्हती.

मी वीणा खुंटीला अडकवली.

आणि माईकची वायर उपटून खिशात घातली. भोंगा गप्प झाला तर लोक लॅपटॉपलाच शिव्या देतील, म्हणून.

रांगेत शेजारचा कारभारी हसला. "काय काका, देव सोडून टँकर धरला व्हय?"

मीही हसलो.

तेवढ्यात भोंगा बोलला...

वीणा.

संथ. शेवटची तार जराशी ओढून... मग नाम.

सत्यभामाबाईंच्या हातातली घागर सुटली. रामकिसनबुवांच्या मालकीणबाई त्या. एवढं पाणी सांडलं, पण कुणी ओरडलं नाही.

"हा तर ह्यांचा हात..." त्या पुटपुटल्या. मग माझ्याकडं वळल्या. "भाऊजी, तुम्ही इथं? मंग वीणा कुणाच्या गळ्यात हाय?"

अख्खी रांग माझ्याकडं बघायला लागली. खिशातली वायर मुठीत घट्ट धरलेली... मान वर होईना.

मी पळत सुटलो.

देऊळ रिकामं. भोंगा गप्प. वीणा खुंटीलाच.

तारा मात्र थरथरत होत्या...

वीणा गळ्यात घेताना देणाऱ्याच्या पाया पडायची रीत आहे. मी वीणा घेतली आणि सवयीनं वाकलो.

कपाळ फरशीपर्यंत पोचलंच नाही. मधेच कशाला तरी टेकलं.

संध्याकाळी हिमांशूनं लॅपटॉपमधल्या दुपारच्या नोंदी तपासल्या.

"फर्मवेअर आज पहिल्यांदा खरं बोललं, काका. पोर्ट रिकामाच होता."

"मग?"

"ड्रायव्हर स्वतः जाऊन बघून आला..." त्याचा आवाज उतरला. "त्याला कोणीतरी सापडलं."

दुपारचा पहारा अजून माझ्याकडंच आहे. लॅपटॉपही तोच. वायरीचं मी सत्यभामाबाईंना तेव्हाच कबूल केलं होतं. त्या दर सप्ताहाला येऊन समोर बसतात. माझ्याकडं बघत नाहीत, लॅपटॉपकडं बघतात.

यंदा पहिल्यांदाच बोलल्या.

"भाऊजी... ती वायर जरा काढता का?"

मला लाजेनं मान वर करता आली नाही.

वायर अजून काढलेली नाही.